उकडलेल्या डब्याचा बोभाटा

आता काय लपवायचं तुमच्यापासून? माझा संसार मोडायला आलाय, अशी बातमी गेल्या हिवाळ्यात आमच्या अख्ख्या माजरी कॉलनीत फिरत होती आणि ती पसरवणारा मीच होतो. तेही तोंडातून एक शब्द न काढता. चहा घ्या, सांगतो.

मी कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. पहिली पाळी सुटली की भद्रावतीच्या जिममध्ये जाऊन वजनं उचलतो. पॉवरलिफ्टिंग म्हणतात त्याला. जिल्ह्याची स्पर्धा चंद्रपूरला, महिन्यावर आली होती. माझं वजन शहात्तर, आणि नाव दिलं होतं चौऱ्याहत्तरच्या गटात. दोन किलो उतरवायचे होते, पण ताकद तशीच ठेवायची होती. वरच्या गटात त्र्याऐंशी किलोपर्यंतचे गडी येतात. त्यांच्यात मी गेलो तर नंबर शेवटून मोजायचा.

ही स्पर्धा मी वर्कशॉपमध्ये कुणाला सांगितली नव्हती. का? कारण त्याच्या आदल्या वर्षी मी जाण्याआधीच वर्कशॉपमध्ये पेढे वाटले होते. तिथे जाऊन खांद्यावर वजन घेऊन मारायच्या बैठकेचे तिन्ही प्रयत्न बाद झाले आणि शून्य घेऊन परत आलो. पुढचे चार महिने मला पाना हवा असला तरी लोक विचारायचे, "अन् पेढे?" म्हणून या खेपेला ठरवलं, आधी मेडल, मग तोंड उघडायचं.

आमच्या कोचचं खाण्याचं शास्त्र तीन वाक्यांत संपतं. साधं खा, मोजून खा, रोज तेच खा. नोकरी करणाऱ्या माणसाने स्वयंपाकघरात रोज विचार करायचाच नाही. रविवारी आणि बुधवारी एकदाच रांधून डबे भरून ठेवायचे. दोन वाट्या भात, वाटीभर उकडलेले चणे, चार अंडी, उकडलेला दुधी नाही तर कोबी, वर दही. तेल चमच्याने मोजायचं. शेवटचे काही आठवडे मीठसुद्धा नावापुरतं, हे मात्र माझं स्वतःचं संशोधन. उत्साही माणूस जरा पुढे जातोच.

माझी बायको वर्षा शाळेत शिकवते, आणि तिच्या हातच्या भरल्या वांग्यांसाठी आमच्या वर्कशॉपमध्ये चमच्यांची मारामारी होते. तिने माझा बेत ऐकला आणि तिला आनंदच झाला.

"करा, सोता करा. मले तेवढाच आराम," ती म्हणाली. "पन एक आयका. हे डब्यात घेऊन जान, तं कोनी रांधलं ते सांगजा. नाई तं माह्या नावाचा कचरा होईन."

"सांगतो ना," मी म्हणालो. नाही सांगितलं. तिथेच माती खाल्ली.

आता आमच्या जेवणाच्या सुट्टीची रीत तुम्हाला माहीत हवी. जमिनीवर पेपर अंथरायचा, सगळ्यांचे डबे मधोमध उघडायचे आणि पहिला घास दुसऱ्याच्या डब्यातला घ्यायचा. डबा उघडला की त्याच्या घरी काय चाललंय ते कळतं. वर लाल तर्री असेल तर घरी सगळं खुशाल. भाजी पातळ असेल तर महिनाअखेर. आणि माझ्या डब्याचं झाकण निघालं, तेव्हा सगळे वाकून आत बघू लागले.

वामनभाऊ आमचे सर्वांत जुने फिटर, पुढच्या वर्षी निवृत्त होणारे. त्यांनी एक चणा उचलला, चावला, आणि बराच वेळ चावतच राहिले.

"फोडनी?"

"नाई."

"मीठ?"

"थोडकं हाय."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मशीन उघडल्यावर आतला गिअर तुटलेला दिसला की पाहतात. "दिनेश, घरी सब बरोबर हाय ना?"

आता इथे काय सांगायचं? स्पर्धेचं सांगितलं तर पेढे निघणार. स्वतः रांधतो म्हटलं तर त्याहून वाईट काहीतरी निघणार. मी आपलं म्हणालो, "चालू हाय कसंतरी."

चार दिवस तोच डबा. पाचव्या दिवशी वामनभाऊंनी मला बाजूला घेतलं. "मले सांगू नोको तू. मले समजते. माही शांताबाई भांडली होती तवा मले बी दोन दिवस नुसतं उकडलेलं भेटलं होतं. तुहं तं हप्ता होत आला." आणि त्यांनी पिशवीतून एक जास्तीचा डबा काढला. शांताबाईंनी मुद्दाम माझ्यासाठी दिलेला. आत पातोडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकर.

सांगायची हीच वेळ होती, मला मान्य आहे. पण तुम्ही शांताबाईंच्या पातोडीचा वास कधी घेतलाय का? मी विचार केला, पातोडी कशाची? बेसनाची. बेसन कशाचं? चण्याचं. आणि चणे तर माझ्या तक्त्यात होतेच.

दुसऱ्या दिवशी मुगाचे वडे आले. मूग तर कोचच्याही आवडीचे. शुक्रवारी कोंबडीचा रस्सा आला, आणि कोंबडीला नाही म्हणणारा पॉवरलिफ्टर मला दाखवाच. हळूहळू बाकीच्यांच्या घरूनही वाट्या येऊ लागल्या. ते सगळं हादडून वर मी माझा उकडलेला डबाही खायचो, कारण शिस्त म्हणजे शिस्त.

आणि खरं सांगू? मी त्यांना उत्तेजनही दिलं. खोटं मुळीच बोललो नाही. कुणी विचारलं, "रात्री तरी जेवला का बे?" की मी फक्त जमिनीकडे बघून एक उसासा टाकायचो. एका उसाशाला साधारण दोन भाकरी आणि वाटीभर रस्सा, असा भाव चालू होता.

घरी वजनकाटा होता. तिसऱ्या आठवड्यात तो सत्त्याहत्तर दाखवू लागला, तेव्हा मी ठरवलं की काट्यात बिघाड आहे, आणि तो पलंगाखाली सरकवून दिला.

स्पर्धेआधीचा शेवटचा रविवार होता. सकाळी मी कमरेला टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरात अंडी सोलत होतो. वर्षा बाहेरच्या खुर्चीवर पाय वर घेऊन चहा पीत पेपर तपासत होती. दारात वामनभाऊ आणि शांताबाई.

त्यांच्या डोळ्यांनी काय पाहिलं असेल विचार करा. बाई राणीसारखी बसलेली, आणि घामाघूम नवरा रांधतोय. शांताबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"वर्षाबाई," त्या तिच्याजवळ बसल्या, "मी लहान तोंडी मोठा घास नाई घेत. राग सगळ्याइले येते. पन कामावर जानाऱ्या मानसाले पोटाले तं बरोबर द्या लागते ना."

वर्षाने चहाचा कप खाली ठेवला. "काय झालं बाई? नीट सांगा."

"लोकं तुमाले नावं ठेवून राह्यले," वामनभाऊ म्हणाले. "म्हून आलो. तुमच्या हातचं आमी खाल्लं हाय. तुमी अशा नाई, मले मालूम हाय. पन हा पोरगा सुकून राह्यला."

माझ्या हातातलं अंडं पडलं. वर्षाने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पोटाकडे पाहिलं.

"यायनं सांगतलं का, मी जेवाले देत नाई म्हून?"

"नाई हो. त्याच्या तोंडून शबूद नाई निंगाला. नुसते उसासे टाकते."

"उसासे," वर्षा म्हणाली. "अन् तुमी काय काय देल्लं बाई यायले?"

शांताबाईंनी भोळेपणाने सगळं सांगितलं. पातोडी, वडे, कोंबडी, मंगळवारची कोथिंबिरीची सांबारवडी, गुरुवारी गुळाचा शिरा. वर्षा पोरांचे पाढे ऐकते तशी शांतपणे ऐकत होती. मग उठली, आत गेली, पलंगाखालून काटा ओढून आणला आणि पाहुण्यांच्या मधोमध ठेवला.

"उभे राहा."

मी टॉवेलसकट उभा राहिलो. वामनभाऊंनी चष्मा लावून वाकून वाचलं. "अठ्ठ्याहत्तर," ते म्हणाले, आणि पुन्हा वाचलं. "अन् हा सुकून राह्यला होता?"

मग मी सगळं कबूल केलं. स्पर्धा, पेढ्यांची भीती, रविवारचं रांधणं, सगळं. शांताबाई काही रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "मी तीन हप्ते अर्धा घंटा लवकर उठून राह्यली रे." त्या वेळी मला खरोखर लाज वाटली. तीन आठवडे ज्या वर्षाच्या नावाने कॉलनी बोटं मोडत होती, ती माझ्याच घरात माझ्यासमोर उभी होती, आणि तिच्या बदनामीवर मी भाकरी हाणत होतो.

"उद्या सगळ्याइले सांगजा," वर्षा म्हणाली. "मोठ्यानं."

सांगितलं. मोठ्याने सांगितलं. स्पर्धाही झाली, त्र्याऐंशीच्या गटात. अख्खं वर्कशॉप बघायला आलं होतं. पाच जणांत पाचवा आलो, पण या वेळी शून्य नव्हतं, एवढं लिहून ठेवा.

वामनभाऊंनी मला शिक्षा सुनावली. एका दिवशी सगळ्या वर्कशॉपला माझ्या हातचं जेवण, आणि उकडलेलं नव्हे, तेल-तिखट-मीठ सगळं घालून. मी रात्रीच तयारी करून वांग्याची भाजी केली, फोडणी दिली, मसाला ओतला. पेपर अंथरला. सगळ्यांनी पहिला घास माझ्या डब्यातला घेतला.

 वामनभाऊंनी घास कसाबसा गिळला, अर्धी बाटली पाणी रिचवलं आणि मला विचारलं, "तू दर इतवारी घरी रांधतं?"

"हो."

"वर्षाबाई बी तेच खाते?"

"कधीकधी. उरलं तर."

त्यांनी माझ्या डब्याचं झाकण लावून टाकलं. मग खिशातून फोन काढून त्यांनी शांताबाईंना लावला.

तेव्हापासून दर सोमवारी शांताबाईंकडून आमच्या घरी एक डबा जातो. वर्षासाठी. कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे, बिचारीचा नवरा रांधतो. डबा न्यायचं काम माझ्याकडेच आहे, पण वामनभाऊ तो देण्याआधी लोखंडी तारेने बांधतात आणि तार पक्कडीने पिळतात. मी पावणेदोनशे किलो जमिनीवरून उचलतो, पण ती तार हाताने सुटत नाही. बघून झालंय.