सविलाचा नवा गुडघा

सविला मास्टच्या उजव्या गुडघ्यावर वीस वर्षांपूर्वी गाईने लाथ झाडली होती. त्याच गुडघ्यावर तिने सात मुलं वाढवली, रोज पहाटे चौदा गाई पिळल्या आणि कुणी विचारलं की "बरा आहे" म्हणून वेळ मारून नेली. शेवटी एप्रिलमध्ये डॉक्टरने तो बदलून धातूचा बसवला.

सहा महिन्यांनी डॉक्टर भलताच खूश. "एकशे दहा अंश वाकतोय, फर्स्टक्लास!" गुडघा चालत होता, जिने चढत होता. पण जमिनीवर टेकला की खाली खडी पसरल्यासारखं व्हायचं. आणि पाय धुण्याचा रविवार तोंडावर आला होता. अमेरिकेतल्या होम्स काउंटीत जुन्या रीतीने राहणाऱ्या त्यांच्या आमिश ख्रिस्ती मंडळीत वर्षातून दोनदा, येशूने शिष्यांचे धुतले तसे, बायका जोडीजोडीने एकमेकींचे पाय धुतात, तेही गुडघे टेकून. सविलाची जोडीदारीण चाळीस वर्षं एकच, शेजारची मॅटी. मॅटीचे गुडघे तर पार कामातून गेलेले, पण ऑपरेशनचं नाव काढलं की तिची बोबडी वळायची.

"आधी तुझं बघते," मॅटीने सांगून टाकलं होतं. "रविवारी तू टेकलीस तर मीही कापून घेईन. नाहीतर मला अशीच लंगडी पुरा."

झालं! सविला महिनाभर गोठ्यात गोधडीची घडी घालून सराव करत राहिली आणि दर वेळी डोळ्यांत पाणी घेऊन उठली.

रविवारी मॅटी बाकावर बसली, समोर कोमट पाण्याचं घंगाळ. दात आवळून टेकावं, हिला काय कळणार, असं सविलाच्या मनात आलं. पण हिला फसवून सुरीखाली पाठवायचं? ते तिच्याने होईना.

"नाही जमत गं मॅटी. चालता येतं, टेकता येत नाही."

मॅटीचं तोंड उतरलं. "मग तू बस. आधी मी धुते."

ती कण्हत गुडघ्यांवर टेकली. पाय धुतले, पुसले, आणि मग उठताच येईना. तोंड लालबुंद. "माझं जेवण आता इथेच आणून द्या," ती पुटपुटली.

सविला अनवाणी उठली. मॅटीच्या काखेत हात घातले आणि उचललं. मॅटी काही हलकी बाई नव्हती, नूडल्स तीनदा वाढून घेणारी. सगळा भार उजव्या पायावर आला, पण तो जराही लटपटला नाही. उभी राहिल्यावर मॅटी त्या पायाकडे बघतच राहिली.

मग तिने घंगाळ बाकावर ठेवलं आणि आपला पायही. "इथेच धू. कोण काय म्हणतं ते मी बघते."

सविलाने कमरेत वाकून तिचे पाय धुतले. रडू आवरत नव्हतं, तिने आवरलंही नाही. रीतीप्रमाणे दोघींनी एकमेकींना मिठी मारली, गालाचा मुका घेतला. तेव्हा मॅटी कानाशी हळूच म्हणाली, "डॉक्टरकडे तू बरोबर येशील ना? मला उठवायला कुणीतरी हवं."