बाप घरी येणारे पिक्चर

कॉलेजच्या फॉर्मची प्रिंट काढायला मी बोईसरच्या मोबाइलच्या दुकानात थांबले होते. माझ्यापुढे नवापूरचे एक मच्छीमार काका घरासाठी विनोदी, कौटुंबिक पिक्चर पेनड्राइव्हमध्ये भरून घेत होते. प्रत्येक नावावर बोट ठेवून विचारायचे, "यात बाप शेवटी घरी येतो ना?"

दुकानदार हसला. "काका, पिक्चर घेता की हजेरी?"

"मी बोटीवर असतो तवा पोरगी बघते. बाप येत नाय असा पिक्चर तिला नको."

मी घरातली पहिली कॉलेजला जाणारी. तरी बाबा कारखान्यातून येऊन गप्प झोपतात. मी काय वाचते, काय बघते, कधी विचारत नाहीत. न पाहिलेल्या त्या मुलीचा मला हेवा वाटला.

एका नावावर काका अडले. "बाय, तू शिकलेली. हा कसा हाय?"

पिक्चर हसवणारा होता, पण शेवटी त्यात बाप बुडतो.

"छान आहे," मी म्हणाले.

"भर रे. बायनं सांगितलंय."

पेनड्राइव्ह रुमालात बांधून ते पायऱ्या उतरले, तेव्हा मी मागे धावले. "काका, तो काढा. त्यात बाप परत येत नाही."

"मंग आदी का नाय बोललीस?"

का, ते मला माहीत होतं. ते न सांगता मी पेनड्राइव्हसाठी हात पुढे केला.