आत्यानं अडवलेलं लग्न

लाज नावाची वस्तू देवानं वाटायला काढली, तेव्हा माझी आत्या बहुधा करडी गावाला लसीकरणाला गेली होती. तिच्या वाट्याची लाज तशीच राहिली आणि मागून आणायला तिला पुढं कधी सवड झाली नाही. आरोग्य केंद्रात नर्सबाई म्हणून तिनं उभी हयात काढली. शाल-श्रीफळ देऊन केंद्रानं तिला मोकळं केलं, पण तिनं पंचक्रोशीतल्या तरुण पोरांना काही मोकळं केलं नाही. बाकीच्या आत्या लग्नात भाचे भेटले की "जेवला काय?" विचारतात. आमची आत्या म्हणायची, "पाकीट काढ." मग त्यातला चपटा झालेला कंडोम दोन बोटांत उचलून, भर मांडवात उजेडाकडे धरून ती त्यावरची तारीख वाचायची. "हे पाकिटात ठेवाची चीज हाये काय रे? बुडाखाली दाबून दिवसभर उन्हात फिरता, रबर टिकन काय? थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवाव." वरमाई तबकासकट पाठ फिरवायची. आत्याला त्याचा पत्ताही नसायचा.

आता आंधळगावातल्या आमच्या घरी थंड, कोरडी, अंधारी जागा म्हणजे धानाची ढोली, म्हणजे कणगी. माझ्या थोरल्या भावानं, तेव्हा तो बिनलग्नाचा होता, आज्ञाधारकपणे आपला सगळा साठा ढोलीतल्या धानात खोल पुरला. दिवाळीच्या तोंडावर आईनं ढोली उपसली, पोती गिरणीत गेली आणि चाळणीवर धानाबरोबर आठ रंगीत पुड्या नाचायला लागल्या. गिरणीवाला सज्जन माणूस. त्यानं त्या फडक्यात बांधून बाबांना घरी आणून दिल्या. बाबांनी चष्मा लावून निरखून पाहिल्या आणि म्हणाले, "धानाले कीड लागू नये म्हणून ठेवल्या असतीन." तेवढ्यात आत्या आली. तिनं भावाच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुड्या ओंजळीत घेतल्या आणि म्हणाली, "बरोबर हाये भाऊ, कीडच लागू नये म्हणून." जाता जाता भावाला मात्र दम भरला, "चाळणीतले वापरू नोको. नवे घेऊन जाजो."

कुणाचं लग्न जुळलं की तिची अट ठरलेली. मुलगा-मुलगी दोघांनीही रक्त तपासून घ्यायचं. "छत्तीस गुण पायता, आन् रगत कोन पायते?" असं ती तोंडावर विचारायची. काही घरांनी तिला पत्रिका देणंच बंद केलं. ती बिनपत्रिकेची जायची, पोटभर जेवायची आणि नवरदेवाला बाजूला घेऊन व्हायची ती शिकवणी करूनच परतायची.

मग माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. लग्न उन्हाळ्यात करायचं ठरलं. आत्यानं तपासणीला बोलावलं आणि मी आठवडाभर तिला चुकवत फिरलो, कारण असल्या आत्याचा भाचा असूनही पुण्याला नोकरीत असताना मी दोनदा बेफिकीर राहिलो होतो. नंतर एक छोटी जखम झाली होती. दुखलीही नाही, आपोआप बुजली, म्हणून मीही गप्प बसलो होतो. आठव्या दिवशी आत्यानं मला शेताच्या बांधावर गाठलं. "इतका काहून भेऊन राहिला?" मी सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. जन्मात पहिल्यांदा ती हळू आवाजात बोलली, "जखम बुजली म्हणून बिमारी जात नाही, बाबू."

तपासणीत सिफिलिस निघाला, आपल्याकडे जिला गरमी म्हणतात ती. इंजेक्शननं बरी होते, असं डॉक्टरांनी सांगितलं. एचआयव्ही नव्हता, पण तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचा होता. "तवरक लग्न नाही," आत्या म्हणाली, "आन् पोरीले तू सोता सांगशीन."

भंडाऱ्याच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात मी होणाऱ्या बायकोला सांगितलं. तिनं पोह्याची प्लेट बाजूला सारली आणि उठून गेली. चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी फोनवर ती एवढंच म्हणाली, "पुढचा रिपोर्ट मी सोता वाचीन. मंग पाहू."

पण पत्रिका छापून झालेल्या. घरी काय सांगायचं? आत्या दोन्हीकडच्या मंडळींसमोर अंगणात बसली आणि तिनं जाहीर केलं, "माहा गुडघा सुजला. भाच्याच्या लग्नात मी नाचली नाही तं लग्न कायले करता? धान निघाल्यावर करा." बाबा कडाडले. व्याही रुसले. म्हातारीला चळ लागला, असं अख्ख्या गावानं ठरवलं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पुढं कितीतरी महिने ती लंगडत फिरली. कधी उजव्या पायानं, कधी डाव्या.

तीन महिन्यांनी रिपोर्ट चांगले आले. होणाऱ्या बायकोनं ते दोनदा वाचले आणि मग ती हो म्हणाली. धान निघाल्यावर लग्न झालं. वरातीत आत्या इतकी नाचली, की बँडवाले दमले.

मागच्या वर्षी आत्या गेली. भेटायला आलेल्यांत कुणीतरी म्हणालं, "लय हट्टी बाई. सोताच्या भाच्याचं लग्न अडवलं होतं." सगळे हसले. बाबाही हसले. मला ते सहन होईना. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "सांगून टाका आता."

लोक गेल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. ते उठून अंगणात गेले. मग म्हणाले, "त्या वर्षी धान निघतवरक मी तिच्यासंग एक शब्द बोललो नव्हतो रे."