फ्रॉक-बुटांसकट पाण्यात

पाणी दिसलं की भाविक माणसं हात जोडतात, तहानलेली ओंजळ पुढे करतात, माझी नणंद मात्र विचारते, "इथे पोर पडलं तर धरायला काय आहे?" तिने संशय घेतला नाही असं पाणी या भूतलावर नसेल. माझ्या भावाच्या लग्नात व्याह्यांचा नमस्कार घ्यायच्या आधी तिने हॉलमागच्या हौदाला झाकण का नाही ते विचारलं, आणि फळी येईपर्यंत स्वतः हौदाच्या काठावर बसून राहिली. अक्षता तिने तिथूनच टाकल्या.

शाळेतून पीटीच्या बाई म्हणून रिटायर झाल्यावर ती भाईंदरमधल्या इंद्रलोकजवळच्या एका तरणतलावात उशिराने वाढणाऱ्या मुलांना पोहायला शिकवू लागली. तिथल्या कुणाला आवाज सोसत नाही, तर कुणी हाक मारली तरी वळून बघत नाही. घरात मीठ मागितलं तरी चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जाणारी ही बाई तिथे कुजबुजल्यासारखं बोलते. एका वेळी एकच मूल आणि एकच शब्द. पाठीला पाणी लागलं की किंचाळणाऱ्या एका मुलाच्या पाठीवर ती महिनाभर नुसती मगाने कोमट पाणी ओतत होती, आणि कंटाळलेल्या त्याच्या आईला विचारत होती, "जल्दी किसको है? आपको या उसको?"

माझी सईही तिथलीच. सहा वर्षांची, चार-पाच शब्द बोलणारी, आणि पाणी दिसलं की हात सोडवून धावणारी. ती पाठीवर तरंगायला लागली तेव्हा नणंदेने, म्हणजे आमच्या ताईंनी, फर्मान काढलं, "आता फ्रॉक घालून आण. बूटसुद्धा."

"अहो ताई, लोक काय म्हणतील?"

"पोरं काय कॉस्च्यूम घालून पडतात पाण्यात?"

आणि सईला धीर यावा म्हणून त्या स्वतःही पंजाबी ड्रेस, चपला अशा थाटात उतरल्या. खांद्याची पर्स काढायची तेवढी राहिली.

दिवाळीनंतर आम्ही समुद्रकाठच्या चौक गावी एका कोळी मैत्रिणीकडे गेलो होतो. भरती होती. चपलेत गेलेला खडा काढायला मी हात सोडला आणि सई धक्क्यावरून थेट पाण्यात. "अगो, पोर पान्यान परली!" मैत्रीण ओरडली. मी हातात खडा धरून तशीच उभी राहिले. ताई धावत काठाशी आल्या आणि तलावातल्याच हलक्या आवाजात म्हणाल्या, "सई. उताणी."

आणि माझी पोर वळली. तोंड आभाळाकडे, हात पसरलेले, फ्रॉक फुगलेला. हाकेला कधी ओ न देणारी माझी सई चक्क तरंगत होती! ताई पाण्यात उतरून तिच्यापर्यंत पोचल्या तोवर मी रडत होते की हसत होते, देव जाणे. वर आल्यावर सई खोकली, पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, "अजून." सगळा धक्का हसला.

परतीच्या बसमध्ये ताई आता भाषण देतील असं मला वाटलं होतं. पण मैत्रिणीची कोरडी साडी नेसून, सईला मांडीवर घेऊन त्या खिडकीशी झोपून गेल्या. इतकी वर्षं मी त्यांना बोलताना, धावताना, दुसऱ्यांना दटावतानाच पाहिलं होतं. त्या थकतात, म्हाताऱ्या होतायत, हे कधी दिसलंच नव्हतं. भाईंदरला बस रिकामी झाली, कंडक्टर दाराशी थांबून राहिला, तरी त्यांना उठवायला माझा हात काही पुढे होईना.