मेलेला सेल

भिंगकाकांनी दुकान सोडून दोन वर्षं झाली होती, पण त्यांच्या हातांना ते पटलं नव्हतं. चाळीस वर्षं जिन्याखालच्या खोलीत बसून त्यांनी घड्याळं उघडली. घड्याळं कमी झाली तसे रिमोट आले, मग गाड्यांच्या चाव्या. डोळ्याला भिंग, एका हातात काम, दुसऱ्यात चिमटा. काढलेला स्क्रू, निघालेला सेल ओठांत. तिसरा हात नाही म्हणून तोंड दिलंय, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. काम करताना तोंड मोकळं नसे, त्यामुळे भांडण असं कुणाशी झालंच नाही.

आता ते लेकीकडे राहत होते. लेकीने त्यांना दोनदा बजावलं होतं. "बाबा, तोंडात काही धरू नका. ती तुमचं बघून शिकते."

ती म्हणजे ठकी. दीड वर्षाची नात.

रविवारी सकाळी जावयाच्या गाडीची चावी रुसली. चार-चारदा बटण दाबावं तेव्हा दार उघडायचं. बाहेरून सेल बदलून आणतो, असं जावई म्हणाला आणि लगेच जीभ चावली. भिंगकाका जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसलेही होते. त्यांनी चावीच्या पोटातली धातूची चावी ओढून बाजूला ठेवली. खाचेत पातळ पट्टी घालून हलकेच पिळली. टक् झालं, दोन्ही कवचं सुटली. जुना, नाण्यासारखा चपटा सेल काढून त्यांनी ओठांत धरला. नवा फडक्याने कडेला धरून, अधिकची बाजू पाहून बसवला. कवचं मिटली. खिडकीतून बटण दाबलं तशी खाली गाडीने डोळे मिचकावले.

जुना सेल त्यांनी टेबलावर ठेवला. मांडीला टेकून उभ्या असलेल्या ठकीने तो उचलला आणि ओठांत धरला. हनुवटी वर, एक डोळा बारीक. हुबेहूब.

"घ्या, दुकान चालवायला माणूस मिळालं," जावई म्हणाला आणि हसत अंघोळीला गेला. लेक मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिने पाहिलं नाही. भिंगकाकांनी सेल काढून घेतला, ठकीची लाळ धोतराच्या सोग्याला पुसली, आणि सेल पुन्हा टेबलावरच ठेवला. मेलेला सेल. त्याला काय भ्यायचं.

ते पट्टी आणि फडकं ठेवायला आत गेले. परत आले तेव्हा टेबलावर सेल नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात सव्वा अकरा झाले होते.

त्यांनी खुर्चीखाली पाहिलं. कपाटाखाली झाडू फिरवला. चपला उलट्या करून झटकल्या. सेल घरंगळतात. जन्मभर त्यांनी असे सेल शोधले होते, आणि सगळे सापडले होते.

ठकीने दूध प्यायलं आणि तसंच बाहेर काढलं. तिची हनुवटी ओली ती ओलीच राहिली. दात येत असतील, लेक म्हणाली. दातच असतील, भिंगकाका म्हणाले. आणि गेलाच असला पोटात, तर उद्या पडेल बाहेर, असं त्यांनी मनाशी ठरवलं. आज सांगितलं तर लेक पोरीला पुन्हा मांडीवर देणार नव्हती. त्यांनी कपाट भिंतीपासून सरकवलं. मागे धूळ होती.

एक वाजता ठकी गळ्याशी हात नेऊन रडू लागली. आवाज घोगरा होता.

"ठकीने सेल गिळलाय," भिंगकाका म्हणाले.

लेकीला आधी कळलंच नाही. कुठला सेल, असं तिने विचारलं. जावयाने चावी उचलली होती.

दवाखान्यात एक्स-रे काढणारा नाणं आहे म्हणाला. भिंगकाकांनी पडद्याकडे पाहिलं. गोलाच्या आत आणखी एक गोल होता. ही कड त्यांनी झोपेतही ओळखली असती.

"नाणं नाही. सेल आहे. पण मेलेला आहे, डॉक्टर."

डॉक्टरीणबाई त्यांच्या लेकीच्याच वयाच्या होत्या. "चावीला पुरत नाही इतकंच," त्या म्हणाल्या. "घसा जाळायला पुरतो. कधी गिळला?"

"आत्ताच," लेक म्हणाली. "एकच्या सुमाराला."

डॉक्टरीणबाईंनी एकची वेळ लिहायला घेतली. भिंगकाकांनी लेकीकडे पाहिलं. गप्प राहायला काहीच लागत नव्हतं.

"सव्वा अकरा," ते म्हणाले. "सव्वा अकराला सेल जागेवर नव्हता."

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. मग त्या ठकीला घेऊन जवळजवळ पळतच आत गेल्या.

सेल निघाला. घसा एका बाजूने काळा पडला होता. तो तिथे फाटतो की भरून येतो, हे आठ-दहा दिवसांनी कळणार होतं. तोवर तोंडाने पाणीसुद्धा नाही.

लेक बाकावर बसली होती. भिंगकाका शेजारी बसले तेव्हा ती उठली नाही.

"दोन तास," ती म्हणाली. "काय करत होतात?"

"शोधत होतो," भिंगकाका म्हणाले.