हुंकारा बंद केलता

त्या पाहुण्याचा मले अजून राग येतो. दारव्ह्याजवळच्या आमच्या तांड्यावरून मी याडीले, म्हणजे माझ्या आईले, मुद्दाम पुसदच्या कॉलेजात घेऊन गेलती. माझ्या पहिल्या कादंबरीवर कार्यक्रम होता. कादंबरीतला दुष्ट राजा आपला जीव बैलाच्या गळ्यातल्या घंटेत लपवून ठेवतो. ही गोष्ट याडीची. चार शिकलेल्या माणसांनी तिची गोष्ट चांगली म्हणावी अन् तिनं ती समोर बसून ऐकावी, एवढीच माझी हौस.

पाहुणा बोलू लागला अन् याडीनं पहिल्याच वाक्याले मोठ्यानं "हूं" केलं. आमच्या तांड्यात गोष्ट सांगणाऱ्याले हुंकारा द्यावाच लागतो. हुंकारा थांबला, की सांगणाऱ्यानं गुमान थांबायचं. मागची पोरं खिदळली. खिदळा लेकहो! याडी आपली मान डोलवत दर वाक्याले "हूं".

मग तो म्हणाला, "जीव वस्तूत लपवणं वगैरे ही सगळी विलायती फँटसीची उसनवारी. आपल्याकडे असं काही नव्हतंच."

याडीचा हुंकारा थांबला. तो बोलतच राह्यला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, आमचे लोक बैलांवर मीठ लादून मुलूख फिरत होते, तेव्हापासूनची गोष्ट हाये ती! एकाले तरी विचारलं का तू? मी उठून हेच बोलले, तर आयोजक म्हणतात, "मॅडम, उशीर झाला, चहा घेऊ." चुलीत गेला तुमचा चहा!

परतीच्या जीपमध्ये याडी हळूच म्हणाली, "म्या हुंकारा बंद केलता, तरी थांबला नाई. शिकेल मानूस हाये. माहीच गोष्ट कुठून तरी उसनी आनली असन."

हे ऐकून तर मी पेटलेच. एका भाषणात त्यानं माझ्या मायची गोष्ट तिच्याकडून काढून घेतली होती. भरल्या जीपमध्ये मी मोठ्यानं सुरू केलं, "एक राजा होता. त्याचा जीव काळ्या बैलाच्या घंटेत होता." अन् थांबले. याडी बाहेर पाहून राह्यली होती. मी तेच पुन्हा म्हटलं. ड्रायव्हरनं आरशातून पाह्यलं. पाहू दे. मग मी ओरडूनच म्हटलं.

"हूं," याडी म्हणाली. "पन बैल काया नवता वं, पांढरा होता. पुस्तकातबी असंच लिवलं का तू? सरक, मीच सांगते."