तुर्सुनच्या अंगावरची शाल

ऑकलंडच्या माउंट रॉस्किलमधल्या त्या भाड्याच्या घरात एक छोटी खाट होती, आणि तिच्यावर कधीच कुणी झोपलेलं नव्हतं. तुर्सुनने ती शेजारच्या गल्लीतल्या गराज सेलमधून उचलली होती, रेसिडेन्सी मिळाली त्याच आठवड्यात. डोक्यावर घेऊन चालत घरी आणली. त्याची लेक मेहरिगुल तेव्हा पाच वर्षांची होती. बायको पातिगुल आणि ती, दोघी गुल्जा नावाच्या गावात राहत होत्या. हे गाव चीनच्या पार पश्चिम टोकाला, कझाकस्तानच्या हद्दीपाशी आहे. तुर्सुन इंग्रजी शिकायच्या व्हिसावर ऑकलंडला आला तेव्हा पोर पाळण्यात होती. आता यांना आणायचं, संसार मांडायचा, एवढाच त्याचा बेत. न्यूझीलंडवाले दोघींना घ्यायला तयार होते. अडलं होतं पासपोर्टापाशी. तिथल्या कचेरीतला माणूस ना हो म्हणे, ना नाही म्हणे. बघू म्हणे.

तुर्सुन उइघुर होता, म्हणजे तिकडच्या तुर्की बोलीच्या मुसलमानांपैकी. पण हे त्याने ऑकलंडात आपल्या दोनचार लोकांपलीकडे कुणाला सांगितलं नव्हतं. कुठला, असं कुणी विचारलं की "चायना" म्हणून मोकळा व्हायचा, आणि समोरचा त्याचं नाक आणि पिंगट डोळे बघून गप्प बसायचा. दर रविवारी कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे आपल्या भाषेत किराणा दुकानातून, कॉलिंग कार्ड आणायचं आणि गुल्जाला फोन लावायचा. फोनवर नवराबायको हवेबद्दल बोलायची. हवा ढगाळ म्हणजे कचेरीत पुन्हा बोलावलं होतं. हवा बरी म्हणजे या आठवड्यात कुणी आलं नाही. फोटो पाठवणं तर कधीच बंद झालं होतं. दोन लिफाफे उघडून पुन्हा चिकटवलेले पोचले, तेव्हा पातिगुलनेच नको म्हणून सांगितलं. सात वर्षांत लेकीने बापाचा चेहरा धड पाहिला नव्हता.

अशा तोंडाला कुलूप लावलेल्या माणसाच्या वाट्याला सुधाकर यावा, हे त्याचं नशीब! सुधाकर चिंचवडचा. शिकायला आला आणि इथलाच झाला. पेनरोजच्या ज्या गोदामात तुर्सुन फोर्कलिफ्ट चालवायचा तिथे हा शिफ्टचा सुपरवायझर होता, आणि शिवाय आपल्या मराठी मंडळाचा चिटणीस. माणूस सोन्यासारखा, पण प्रश्न विचारायला लागला की समोरच्याने हात टेकायचे. घरी किती माणसं? वडील काय करायचे? आजोबा? मोडक्यातोडक्या इंग्रजीत तुर्सुन टाळत राहिला, आणि एक दिवस डबा खाता खाता आजोबांपाशी सापडला.

त्याचे आजोबा गुल्जात रोट्या भाजायचे. तंदूरपाशी बसून नातवाला राजांच्या गोष्टी सांगायचे. मंगोलियाच्या माळावर उइघुरांचं मोठं राज्य होतं, ते किरगिझांनी जाळलं, मग लोक दक्षिणेला उतरले, तुर्फानच्या द्राक्षांच्या मळ्यांत नवं राज्य मांडलं, त्या राजाला इदिकुत म्हणायचे. हे सगळं तुर्सुन सांगून बसला. सांगता सांगता त्याची भाजी गार झाली.

झालं! मराठी माणसापुढे कुणी आपल्या राजांचं नाव काढलं की त्याला कुठे ठेवू आणि कुठे नको असं होतं. सुधाकर घरी जाऊन बायकोला म्हणाला, अगं, यांचेही महाराज होते! त्याची बायको सुलेखा पुण्यात शाळेत इतिहास शिकवायची, आणि इथे येऊन माउंट वेलिंग्टनच्या मॉलमध्ये चपला विकत होती. तिला तर इतिहासावर बोलायला माणूस हवाच होता. फेब्रुवारीत मंडळाची शिवजयंती होती. तुर्सुनभाऊंनी दहा मिनिटं बोलावं, असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलं.

तुर्सुन नको म्हणाला. आता यात मेख अशी, की आपल्याकडे पहिलं नको हे कुणी खरं धरतच नाही. आणखी एक पोळी वाढताना पाहुणा नको म्हणतो, आपण वाढतोच. सुधाकरने आग्रह केला. तुर्सुन पुन्हा नको म्हणाला. मग सुलेखा स्वतः डबा घेऊन त्याच्या घरी गेली. तिथे तिला ती रिकामी खाट दिसली, आणि तिने काही न विचारता तिच्यावरची चादर नीट केली. तुर्सुनच्या लोकांतही घरी अन्न घेऊन आलेल्या बाईला रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत. तो हो म्हणाला. फक्त नाव छापायचं नाही आणि फोटो काढायचा नाही, असं त्याने बजावलं. सुधाकरला वाटलं, लाजतोय बिचारा.

पण तो दिवस तुर्सुनचा होता, हे कबूल करायलाच हवं. हॉलमध्ये भगवा झेंडा, महाराजांची तसबीर, मागे मसालेभाताचा वास. तुर्सुन उभा राहिला आणि आजोबांच्या आवाजात बोलायला लागला. सुलेखा वाक्यावाक्याचं मराठी करत होती. सन त्याला येत नव्हते, ते तिने लायब्ररीतून काढून आणले होते. काश्गरचा सातुक बुग्रा खान, ज्याने इस्लाम घेतला. यारकंदचा अब्दुरशीद खान आणि त्याची राणी आमानिसा, जिने लोकांची गाणी गोळा केली. मग धर्मगुरूंच्या दोन घराण्यांचं भांडण, आणि त्यातल्या एकाने भाऊबंदांना धडा शिकवायला बाहेरच्यांच्या फौजा घरात बोलावल्या. इथे पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. हे दुखणं आपल्याला नवीन थोडंच आहे! फौजा आल्या त्या पुरत्या गेल्या नाहीत. मग चीनचे मांचू बादशहा आले, त्यांनी मुलखाचं नावच नवी सरहद्द ठेवलं. तुर्सुन म्हणाला, तुमच्या घराला कुणी नवी सरहद्द म्हटलं तर कसं वाटेल? त्याच्या आजोबांनी तरुणपणी गुल्जात उइघुरांच्या स्वतंत्र प्रजासत्ताकाचा झेंडा पाहिला होता, त्या फौजेसाठी रोट्या भाजल्या होत्या. पाच वर्षं ते राज्य टिकलं. मग त्याचे पुढारी चिन्यांशी बोलणी करायला विमानाने निघाले, आणि विमान पडलं.

"त्यानंतर आजोबा गोष्ट इथेच थांबवायचे," तुर्सुन म्हणाला, "आणि दार उघडं आहे का ते बघून यायचे."

हॉलभर टाळ्या. उभ्या आयुष्यात त्याने हे चारचौघांत मोठ्याने म्हटलं नव्हतं. छाती हलकी झाल्यासारखी वाटली, हसू आवरेना. तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि सुधाकरच्या कॅमेऱ्याचा लखलखाट झाला. शाल-श्रीफळ द्यायचं आणि फोटो काढायचा नाही, हे आपल्या हातून होणं शक्यच नाही. नाव घालायचं नाही हे सुधाकरने पाळलं. फोटो मात्र मंडळाच्या वेबसाइटवर चढवला, खाली एवढंच लिहिलं, उइघुरांच्या राजांचा इतिहास सांगताना आमचे पाहुणे. त्याला वाटलं, घरच्यांना बघायला होईल.

बघितलाच. पण आधी भलत्यांनी.

पुढच्या महिन्यात एका रविवारी तुर्सुनने फोन लावला तर पातिगुलने हवेचं नाव काढलं नाही. तुझ्या अंगावर ती शाल कुणी घातली, असं तिने विचारलं. आवाज तिचा होता, प्रश्न तिचा नव्हता. मान दिला, पाहुण्याला देतात, तो म्हणाला.

"आणि हातात ते तपकिरी, केसाळ काय आहे?"

"नारळ. फळ आहे."

पलीकडे कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. "त्याच्या आत काय असतं?" पातिगुलने विचारलं.

"पाणी," तुर्सुन म्हणाला.

मग एका पुरुषाने फोन हातात घेतला. बोलायला अगदी गोड. म्हणाला, भाषण छान झालेलं दिसतं. दोघींचे पासपोर्ट तयार आहेत, माझ्याच टेबलात आहेत. तुम्ही फक्त थोडी मदत करा. ऑकलंडात तुमची माणसं कोण आहेत, ईदला कुणाच्या घरी जमतात, काय बोलतात, एवढंच. मी फोन करत जाईन. घाई नाही.

ऑकलंडात त्याची माणसं म्हणजे किती? एक टॅक्सी चालवणारा, एक खाटकाच्या दुकानात काम करणारा, एक शिकायला आलेली पोरगी. ईदला सगळे त्याच्याच घरी जमायचे, त्याच्याच हातचा पुलाव खायचे. त्या पोरीची आणि खाटकाकडच्याची, दोघांच्या आया गुल्जातच राहत होत्या. टॅक्सीवाल्याचा म्हातारा बाप काश्गरात होता. आपली दोन माणसं बाहेर काढायला या तिघांची माणसं त्या टेबलापाशी बसवायची. आणि नाही म्हणावं, तर आपल्या दोघी जन्मभर तिथेच. कोंडलेल्या खोलीला दोन दारं, आणि दोन्ही बाहेरून लावलेली.

त्याने दुसऱ्या दिवशी सुधाकरला फोटो काढून टाकायला सांगितलं, आणि का ते सांगितलं. सुधाकरने तिथल्या तिथे फोटो साइटवरून उतरवला. मग गोदामाच्या मागे जाऊन हमसून हमसून रडला. सुलेखा आठवडाभर धड जेवली नाही. पण दोघांच्या रडण्याचा तुर्सुनला काय उपयोग? त्याला राग यायचा, भयंकर राग यायचा, आणि तो कुणावर काढावा हेच कळायचं नाही. ज्यांनी प्रेमाने खड्ड्यात ढकललं त्यांच्यावर कसा ओरडणार? तो डबा एकटा खायला लागला. शाल त्याने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटाच्या तळाशी कोंबली.

तो माणूस खरंच फोन करायचा. तुर्सुन म्हणायचा, अजून कुणी भेटलं नाही. माणूस म्हणायचा, हरकत नाही. एकदा तुर्सुन त्या छोट्या खाटेवर बसला आणि त्याने मनाशी ठरवलं, टॅक्सीवाल्याचं नाव द्यायचं. तो तसाही तिरसट आहे, आणि त्याचं काय मोठं वाकडं होणार आहे. फोन आला. तोंड उघडलं. आणि त्याला टॅक्सीवाल्याचा म्हातारा आठवला, ज्याला त्याने कधी पाहिलंही नव्हतं. इकडे पाऊस आहे, तो म्हणाला, आणि फोन ठेवला. मग स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. चांगुलपणाबद्दल की भित्रेपणाबद्दल, त्याला सांगता आलं नसतं.

जूनमध्ये, भलत्याच वारी, अनोळखी नंबरवरून पातिगुलचा फोन आला. शेजारणीच्या फोनवरून बोलत होती, भरभर.

"कुणाचंही नाव देऊ नकोस," ती म्हणाली. "दिलंस आणि पासपोर्ट मिळाले, तरी मी येणार नाही. त्या लोकांच्या आयांसमोरून मला रोज जावं लागतं."

मग लेक बोलली. त्यांच्याकडे बापाला दादा म्हणतात. "दादा, मी तुला पाहिलं," मेहरिगुल म्हणाली. "त्या काकांच्या टेबलावर फोटो होता. शाल छान आहे. तू हसत होतास. कुणाला गोष्ट सांगत होतास?"

खूप माणसांना, एवढंच तो म्हणाला.

"मला पण सांग."

त्याला ती तिथेच, त्याच क्षणी सांगायची होती, माळावरच्या राज्यापासून. पण फोनवर कोण ऐकत असेल याचा भरवसा नव्हता. तू आलीस की सांगेन, तो म्हणाला. जे होणार नाही हे आताच ठरलं होतं, तेच त्याने पोरीला कबूल केलं.

जुलैत तिकडच्या राजधानीत, उरुम्चीत, दंगल उसळली. माणसं मेली, आधी किती, मग किती, टीव्हीवर आकडे बदलत राहिले. त्या मुलखाचे बाहेरचे फोन तोडले, इंटरनेट तोडलं. तुर्सुन तरीही रविवारी कार्ड आणायचा आणि नंबर फिरवायचा. एक बाई रेकॉर्ड केलेल्या आवाजात चिनीतून काहीतरी सांगायची, आणि लाइन बंद. टेबलातल्या पासपोर्टवाल्याचे फोनही थांबले. आता नाव द्यावं की देऊ नये, हा प्रश्नसुद्धा कुणी विचारत नव्हतं. हे सगळ्यात वाईट होतं.

सप्टेंबरात इथला वसंत आला तेव्हा एका संध्याकाळी तुर्सुन आपण होऊन सुधाकरच्या दारात उभा राहिला. सुलेखाने चहा टाकला. कितीतरी महिन्यांनी तो त्यांच्या घरात बसला होता. सुधाकर खाली मान घालून होता.

"तो फोटो परत लाव," तुर्सुन म्हणाला.

सुधाकर दचकला. नाही म्हणाला, हात जोडले. पुन्हा तीच चूक माझ्याकडून करून घेऊ नकोस, असं म्हणाला. या खेपेला आग्रह तुर्सुनचा होता.

"ज्यांनी बघायला नको होता, त्यांचा बघून झालाय," तो म्हणाला. "आता पोरीसाठी लाव. तिथलं इंटरनेट कधीतरी सुरू होईल. ती मोठी होईल, शोधेल. फोन लागला नाही तरी मी कुठेतरी दिसलो पाहिजे. आणि या वेळी नाव घाल. तुर्सुन, गुल्जाचा. रोट्यावाल्याचा नातू."

सुधाकरने कॉम्प्युटर धुंडाळला. फोटो सापडेना. त्या दिवशी घाबरून त्याने सगळीकडून पुसून टाकला होता. तो कपाळाला हात लावून बसला. तुर्सुन म्हणाला, चला माझ्या घरी, नवा काढू.

घरी त्याने कपाटाच्या तळातून पिशवी काढली, शाल झटकली. तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. सुलेखाने ती त्याच्या खांद्यावर घातली, घडी नीट केली. नारळ नव्हता. सुधाकरने कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्याला भिंतीपाशी उभं राहायला सांगितलं. तुर्सुन उभा राहिला. मग त्याने मागे वळून पाहिलं आणि एक पाऊल बाजूला सरकला, मागची खाट फोटोत यावी म्हणून.

हसा, सुधाकर म्हणाला. तुर्सुन हसला. फोटो निघाला. सुलेखा खाटेवरची चादर नीट करायला वाकली, आणि तिने हाताने लांबी अजमावली. मेहरिगुल आता आठ वर्षांची होती. खाट तिला आखूड पडली असती.